जेटची निवड (जुन्या मोटारसायकलींच्या कार्बोरेटरसाठी)

जेट : कार्बोरेटरमध्ये आट्यांवर बसणारा, मधोमध बारीक भोक असलेला पितळी तुकडा. या भोकातून किती पेट्रोल जाते त्यावर मिश्रण ठरते. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. पेट्रोल कमी पडले की मिश्रण ‘लीन’, जास्त झाले की ‘रिच’. 2020 साली बीएस-6 नियम लागू झाल्यावर भारतातल्या बहुतेक नव्या मोटारसायकलींत फ्युएल इंजेक्शन आले. जेटचा प्रश्न उरला तो जुनी बुलेट, येझदी, आरएक्स 100 अशा गाड्यांपुरता.

कामाची वाटणी : थ्रॉटलची मूठ बंद असल्यापासून साधारण अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट काम करतो, मेकॅनिक त्याला ‘स्लो जेट’ही म्हणतात. पुढे पाव मुठीपर्यंत स्लाइडचा (मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेचा) तिरपा काप, पावपासून पाऊणपर्यंत स्लाइडला लटकलेली निमुळती निडल आणि ती ज्यात वर-खाली होते तो निडल जेट, आणि त्यानंतर मेन जेट. शहरातल्या रोजच्या फेऱ्यांत पाऊण मूठ फारशी उघडतच नाही. तरीही गाडी ‘मिसिंग’ मारू लागली की दुकानात पहिली मागणी मेन जेटची होते, आणि बहुतेक वेळा ती व्यर्थ असते. मुठीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा केल्या, तर तक्रार नेमकी कोणत्या भागात येते ते कळते.

क्रमांक : जेटवर कोरलेला आकडा सगळ्या कंपन्यांत एकाच मापाचा नसतो. मूळच्या बर्मिंगहॅमच्या अमल कंपनीच्या जेटवर मिनिटाला किती घनसेंटिमीटर पेट्रोल वाहते ते लिहिलेले असते. केहिन व देलोर्तो भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात देतात. मिकुनीचे षटकोनी मेन जेट प्रवाहावर मोजलेले असतात, गोल डोक्याचे व्यासावर. त्यामुळे एका कंपनीचा 110 काढून दुसरीचा 110 बसवणे म्हणजे अंदाजाने बाण मारणे. पेट्रोल 8 टक्के वाढवायचे, तर प्रवाहावर मोजलेला जेट 100 वरून 108 घ्यावा लागतो. व्यासाच्या मापात 104 पुरतो, कारण भोकाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते.

कास्ट आयर्न बुलेट : 350 बुलेटचे हे इंजिन 346 सीसीचे (बोअर 70, स्ट्रोक 90 मिमी). नंतरच्या काळातल्या गाड्यांवर मिकुनीच्या तंत्रावर देशात बनलेला मिककार्ब आढळतो. तिथे दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे निडल जेट. इंजिनच्या थरथरीने निडल त्याच्या कडेला वर्षानुवर्षे घासते आणि गोल भोक लंबगोल होते. अर्ध्या मुठीला गाडी दबते, प्लग काळा पडतो, पेट्रोल जास्त पिते. मालक मेन जेट लहान करतो. अर्ध्या मुठीची तक्रार तशीच राहते आणि पूर्ण मुठीला इंजिन लीन होऊन तापते. जुनी निडल आणि निडल जेट यांची जोडी एकत्रच बदलावी. मोकळा ‘गोल्डस्टार’ सायलेन्सर आणि उघडा फिल्टर लावला, तर मात्र मेन जेट मोठा करणे खरोखर गरजेचे ठरू शकते. (आवाजाच्या दंडाचा विचार वेगळा.)

इथेनॉल : 20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलला सुमारे 13.5 भागच हवा लागते, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण 8 टक्क्यांच्या आसपास लीन होते. मूळचीच थोडी रिच असलेली गाडी हे निभावून नेते. बाकीच्यांनी आधी निडलची क्लिप एक खाच खाली घ्यावी. निडल तेवढी वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते.

उंची : लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे. तिथे हवा विरळ, त्यामुळे मिश्रण रिच होते आणि लहान जेट लागतो. परतताना मूळ जेट पुन्हा बसवला नाही, तर मैदानात गाडी लीन चालते.

प्लगची परीक्षा : पूर्ण मुठीवर गाडी पळवून क्लच दाबावा, त्याच क्षणी इग्निशन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. पांढरा म्हणजे लीन, काजळी म्हणजे रिच, फिकट तपकिरी म्हणजे ठीक. भारतात 2000 साली शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र आल्यापासून या रंगावर किती विसंबावे, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत.

टू-स्ट्रोक : पेट्रोलमध्ये ऑइल वाढवले की तेवढे पेट्रोल घटते, म्हणजे मिश्रण लीन होते, लीन गाडी पळवल्यास पिस्टन जाम होतो.

सीव्ही कार्बोरेटर : यात स्लाइड थेट मुठीने नव्हे, तर रबरी डायफ्रॅमने उचलली जाते, म्हणून जेटआधी तो तपासावा.

सफाई : जेट बदलण्याआधी फ्लोटची पातळी, एअर फिल्टर आणि इंजिनकडच्या रबरी जोडाची चीर पाहावी. तुंबलेला जेट कार्ब क्लीनर आणि दाबाच्या हवेने साफ करावा. क्लचच्या तारेचा धागा घालून साफ करण्याची पद्धत गॅरेजांत आजही दिसते. त्याने भोक वाढते आणि वरचा आकडा खोटा ठरतो. असा जेट फेकून नवा घ्यावा.