तळे खुले झाले, तरी...

महाड नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांनाही खुले केले. पण ठराव दप्तरातच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी ते पाणी प्याले, तेव्हा सत्याग्रहींना मार खावा लागला आणि मागाहून तळ्याचे 'शुद्धीकरण'ही झाले. कागदावरचा हक्क आणि तो वापरण्याची मोकळीक यांत केवढे अंतर असते, हे आपल्या रायगड जिल्ह्याने, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्याने, असे पाहिले आहे.

दोन अन्यायांची बरोबरी करायची नाही. पण हा धडा दुसऱ्या एका प्रश्नातही उपयोगी पडतो. त्याच वर्षी जुलैत र. धों. कर्वे यांनी मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. लैंगिक जीवनाविषयी वाचक पत्राने प्रश्न विचारीत आणि कर्वे उत्तरे छापीत. समलिंगी संबंधांविषयीच्या अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर! खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. म्हणजे असे प्रश्न पडणारी माणसे तेव्हाही होती. उत्तर देणे हा मात्र गुन्हा ठरला.

पुढे विज्ञान बदलले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. कायदाही बदलला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतःची ओळख मान्य केली, आणि १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध २०१८ साली वगळले.

मग श्रीवर्धन, मुरूड किंवा अलिबागच्या एखाद्या गावातील विद्यार्थी हे घरी का सांगू शकत नाही? कारण सकाळी एकाला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत साऱ्या आळीला कळते. कायदा दिल्लीत बदलतो; राहायचे मात्र आळीत असते.

'पूर्वी अशी मुले नव्हती, हे नवे खूळ आहे', असे काही जण म्हणतात. येथे डावखुऱ्यांचे उदाहरण पाहावे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मलेल्यांत डावखुरे सुमारे ३-४ टक्के आढळत. शतकाच्या मध्यास जन्मलेल्यांत १० टक्क्यांहून अधिक. डावा हात एकाएकी जन्माला येऊ लागला नव्हता. त्यावर छडी मारणे थांबले, म्हणून तो दिसू लागला. लपलेले दिसू लागणे म्हणजे नव्याने निर्माण होणे नव्हे.

लपण्याची किंमतही मोठी असते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, कुटुंबाने तीव्रपणे नाकारलेल्या समलिंगी वा उभयलिंगी तरुणांत आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे प्रमाण, फारसे न नाकारलेल्यांच्या तुलनेत ८ पटींहून अधिक आढळले. धोका आकर्षणात नसून नकारात आहे, याकडे हा आकडा बोट दाखवतो.

शिक्षकाने यात काय करावे? कोणाची ओळख शोधून काढू नये. कोणी विश्वासाने सांगितले, तर त्याच्या संमतीवाचून ते घरीही कळवू नये. वर्गात 'बायल्या' म्हणून कोणाची टिंगल झाली, तर मात्र तेथल्या तेथे थांबवावी. कर्व्यांच्या वाचकांना टपालाने मुंबईला प्रश्न पाठवावा लागे. आपल्या विद्यार्थ्याला तो वर्गातच विचारता यावा.