आडनावात गाव नसलेली माणसं

लिओ वराडकर 2017 साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांचं मूळ गाव शोधायला आपल्या वार्ताहरांना फारसे कष्ट पडले नाहीत. पत्ता आडनावातच होता: मालवण तालुक्यातलं वराड. आपल्याकडे निम्मा शोध हा 'कर' प्रत्ययच लावून देतो. माणूस मुंबईला गेला, आफ्रिकेला गेला, तरी गाव नावाला चिकटून राहतं.

आयरिश आडनावाचं तसं नाही. त्यातल्या 'ओ'चा अर्थ वंशज आणि 'मॅक'चा अर्थ मुलगा. म्हणजे आडनाव सांगतं ते शेकडो वर्षांपूर्वीच्या कुणा मूळपुरुषाचं नाव, गाव नाही. त्यात इंग्रजी अमलात हे 'ओ' आणि 'मॅक' पुष्कळांनी गाळले आणि पुढे राष्ट्रीय भावनेची लाट आली तेव्हा काहींनी परत लावले. त्यामुळे बाप सलिव्हन आणि मुलगा ओ'सलिव्हन, असं एकाच घरात दिसतं. कॉर्क आणि केरी या काउंट्यांत तर सलिव्हन इतके, की शाखा ओळखायला लोकांनी टोपणनावं पाडली. आपल्या वाडीत एकाच आडनावाची आठ घरं असली की 'खालचे', 'वरचे', 'विहिरीकडचे' म्हणतात, तसंच.

गेली वीसेक वर्षं मी कोकणातल्या घराण्यांच्या कुलवृत्तांतांसाठी कागद चाळते आहे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. मोडी शिकले तीही गरजेपोटी. मुंबई इलाख्यातल्या छावण्यांच्या जुन्या नोंदी त्याच ओघात पाहण्यात आल्या. त्या नोंदींवरून कॉर्कच्या एका गृहस्थांनी मला पत्र पाठवलं. त्यांच्या पणजोबांच्या वडिलांचा धाकटा भाऊ कंपनी सरकारच्या फौजेत मुंबईला गेला आणि परत आला नाही, एवढंच त्यांच्या घरात माहीत होतं. आडनाव अर्थातच सलिव्हन. घराणं मूळचं कुठल्या वाडीचं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

वाडी हा शब्द मी मुद्दाम वापरते. तिकडे 'टाउनलँड' म्हणतात. नावात टाउन असलं तरी तिथे शहर नसतं. असतो तो जमिनीचा ठरावीक हद्दीचा तुकडा, कधी चार घरांचा, कधी चाळीस. अशा टाउनलँड आयर्लंडभर साठ हजारांहून जास्त आहेत. आयरिश पूर्वजांचा शोध म्हणजे खरं तर माणसाचा शोध नसतोच, त्याच्या टाउनलँडचा असतो. ती सापडली की बाकीचं जमतं. ती नसेल, तर एका नावाची दोनशे माणसं समोर उभी राहतात.

या शोधात पाऊल टाकणाऱ्याला सगळ्यात आधी ऐकायला मिळतं की आयर्लंडचे कागद 1922 साली जळाले. ते खरं आहे. डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या संकुलात सरकारी दफ्तरखाना होता. यादवी युद्धात तिथे ठाण मांडून बसलेल्या गटावर हंगामी सरकारच्या फौजेने तोफा डागल्या आणि 30 जून 1922 ला दफ्तरखान्यात प्रचंड स्फोट झाला. मध्ययुगापासूनचे कागद राख होऊन शहरावर उडत राहिले. 1821 पासून 1851 पर्यंतच्या चार जनगणनांची घरवार पत्रकं, मोजके तुकडे वगळता, त्यातच गेली.

पण पुढच्या चार जनगणनांचं काय? 1861 आणि 1871 ची पत्रकं आकडेमोड झाल्यावर सरकारी हुकमानेच नष्ट केली होती, आणि 1881 व 1891 ची पहिल्या महायुद्धात कागदाची टंचाई म्हणून लगद्याला गेली. हे काम तोफेचं नव्हे, कारकुनांचं. यादवीतल्या दोन्ही पक्षांना दोष देणारे लोक हे सहसा सांगत नाहीत. सगळ्या देशाची म्हणून हाती लागणारी पहिली जनगणना 1901 ची, दुसरी 1911 ची.

चर्चच्या नोंदींची गोष्ट आणखी विचित्र आहे. चर्च ऑफ आयर्लंड हा सत्ताधाऱ्यांचा पंथ. त्याचा राजाश्रय सुटल्यावर त्याच्या नोंदवह्या सार्वजनिक दस्तऐवज ठरल्या आणि सुरक्षित राहाव्यात म्हणून शेकडो पॅरिशांनी त्या डब्लिनच्या दफ्तरखान्यात आणून ठेवल्या. तिथे त्या जळाल्या. बहुसंख्य गरीब जनता कॅथलिक. त्यांच्या नोंदवह्या कुणी जपण्याच्या लायकीच्या मानल्या नाहीत, म्हणून त्या पाद्र्याच्या घरातच राहिल्या आणि वाचल्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 2015 साली त्यांच्या मायक्रोफिल्म इंटरनेटवर फुकट खुल्या केल्या. चर्च ऑफ आयर्लंडच्या ज्या वह्या गावीच राहिल्या, त्याही टिकल्या. बराक ओबामांच्या आईकडचे पूर्वज, मनीगॉल गावचे केर्नी नावाचे चांभार, सापडले ते अशा गावच्या नोंदींमुळे. त्यांच्यातला तरुण मुलगा 1850 साली न्यूयॉर्कला उतरला होता.

कॉर्कच्या गृहस्थांचा सलिव्हन मला आधी मुंबईच्या टोकाला सापडला. इलाख्यातल्या गोऱ्यांच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नकला दरवर्षी लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यातल्या दफनाच्या नोंदीत नाव, वय, हुद्दा आणि पलटण आहे. आईबापांचा उल्लेख नाही. पलटण होती बॉम्बे युरोपियन रेजिमेंट, म्हणजे 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेसमोर उभी असलेलीच. पुढे 1881 साली ती रॉयल डब्लिन फ्यूजिलियर्सची दुसरी बटालियन झाली. त्यामुळे आपल्या खडकीचं नाव, 'किर्की' या रूपात, डब्लिनचं नाव लावणाऱ्या पलटणीच्या सन्मानांच्या यादीत जाऊन बसलं. 1922 साली, दफ्तरखाना जळाला त्याच वर्षी, ती पलटणही बरखास्त झाली.

कंपनी भरतीच्या वेळी शिपायाचं वय, उंची, आधीचा धंदा आणि जन्माची जागा लिहून घेई. पळून गेला तर शोधता यावा, हा त्यातला हेतू. हे कागद लंडनला होते, म्हणून वाचले. याचा परिणाम असा, की दोन भावांपैकी जो घर सोडून साता समुद्रांपार गेला त्याचा जन्मगाव कागदावर आहे आणि जो घरी राहिला त्याचा नाही. आमच्या सलिव्हनच्या नावापुढे मजूर हा धंदा, कॉर्कच्या पश्चिमेकडच्या एका पॅरिशचं नाव आणि 1840 च्या दशकातली भरती एवढं मिळालं. पॅरिश म्हणजे कित्येक टाउनलँड, पण समुद्र आटून तळं झालं होतं.

मग बाप्तिस्म्याच्या वह्या. अक्षर वाईट, भाषा कधी इंग्रजी कधी लॅटिन. जेम्सचा 'जॅकोबस' होतो, विल्यमचा 'गुलिएल्मस'. मोडीतल्या वळणांशी वर्षानुवर्षं झुंजलेल्या डोळ्यांना हे फार जड गेलं नाही. थांबले ते वेगळ्याच कारणाने. प्रत्येक नोंदीत मुलाच्या बापाबरोबर आईचं नाव आहे, आणि तेही माहेरच्या आडनावासकट. शेतमजुराच्या बायकोचंसुद्धा. आमच्या कुलवृत्तांतांत दहा-दहा पिढ्यांची झाडं छापलेली असतात आणि बायका बहुतेक ठिकाणी गायब, असल्याच तर सासरचं नाव लेवून. एका घराण्याच्या वृत्तांताच्या वेळी मी सुनांच्या माहेरांचा रकाना घालू म्हटलं, तर पानं वाढतील असं उत्तर मिळालं. आयर्लंडच्या खेड्यात मात्र बाई लग्नानंतरही माहेरच्या आडनावाने ओळखली जाई.

त्याच गोष्टीने गाठ सुटली. पॅरिशमध्ये त्याच नावाचे आणि वयाला जुळणारे सलिव्हन मुलगे दोन निघाले. यात नवल नाही. तिकडेही पहिल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे चुलतभावंडांत एकच नाव फिरत राहतं. मेलेल्या शिपायाच्या शिल्लक पगाराचा हिशेब कंपनीच्या दफ्तरात असतो. आमच्या शिपायाने आपली शिल्लक आईला द्यावी असं लिहून ठेवलं होतं, आणि आईचं नाव लिहिलं होतं ते माहेरच्या आडनावाने. दोन मुलांपैकी एकाची आई तीच.

आयर्लंडच्या या कागदांत वावरताना एक गोष्ट वारंवार जाणवते. गरीब माणसाची आठवण म्हणून कुणीच काही लिहिलेलं नाही. तो दिसतो तो पैशाच्या हिशेबात. 1796 साली अंबाडीसारखं तागाचं पीक, ज्याचं लिनन होतं, ते लावणाऱ्यांना चरखे बक्षीस दिले. एकरभर लावलं तर चार चरखे, पाच एकरांना माग. त्या यादीत पन्नास हजारांहून जास्त नावं आहेत. चर्चच्या दशांश कराच्या वह्या आहेत 1823 ते 1837 च्या. 1860 च्या दशकापासून कुत्रा पाळायला परवाना लागू लागला, तर त्याच्याही नोंदवह्या. कुत्र्याचा रंग आणि मालकाची टाउनलँड.

आणि पेन्शन. जानेवारी 1909 पासून सत्तरीच्या वर वय असलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत मिळू लागले. पण आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्मांची सरकारी नोंद 1864 पासूनची. म्हाताऱ्यांनी वय सिद्ध करायचं कसं? आपल्याकडे 'प्लेगच्या साली जन्मलो' म्हणत, तसा तिकडे दाखला होता 6 जानेवारी 1839 च्या महावादळाचा. ते आठवतं म्हणणारा सत्तरीचा. काहींनी अर्ज करून 1841 आणि 1851 च्या जनगणनेत आपलं घर शोधायला लावलं. दफ्तरखान्यातल्या कारकुनाने पत्रक उघडून अर्जावर उतारा लिहून दिला. मूळ पत्रकं 1922 ला जळाली, हे अर्ज उरले. पाच शिलिंगांसाठी धडपडलेल्या म्हाताऱ्यांमुळे तेवढी घरं आज वाचता येतात. 1901 मध्ये पन्नाशीत असलेली माणसं 1911 मध्ये एकदम सत्तरीची कशी झाली, याचंही उत्तर त्यातच आहे.

1911 च्या पत्रकात विवाहित बाईला आणखी एक प्रश्न होता: मुलं किती जन्मली, हयात किती? कॉर्कच्या गृहस्थांच्या पणजीचं उत्तर त्यांनी स्वतःच शोधून मला पाठवलं. जन्मली अकरा, हयात सात. पत्रकाखाली सहीच्या जागी तिच्या नवऱ्याची फुली.

शिपायाच्या आईचं काय झालं ते ग्रिफिथच्या मोजणीत मिळालं. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली 1847 ते 1864 या काळात सगळ्या देशाची घरं आणि जमिनी करासाठी मोजल्या गेल्या. प्रत्येक घराला नकाशावर क्रमांक आहे. आपल्या सातबाऱ्याशी याचं नातं जवळचं. ही मोजणी सुरू झाली ती बटाट्यावरच्या रोगाने पडलेल्या महादुष्काळात. 1841 ला सुमारे 82 लाख असलेली लोकसंख्या 1851 ला साडेपासष्ट लाखांवर आली होती. दहा लाख मेले आणि त्याहून अधिक बोटीत बसले. त्यामुळे या यादीतली नावं ही उरलेल्यांची नावं आहेत.

त्या पॅरिशच्या यादीत, एका टाउनलँडखाली, त्या बाईचं नाव आहे. शेजारी जमीनदाराचं. तिच्या नावावर फक्त घर, जमीन शून्य. मोजणीनंतरचे बदल आपल्या फेरफारासारखेच वेगळ्या वह्यांत लिहीत, दर फेरीला वेगळ्या रंगाची शाई, जुन्या नावावर रेघ आणि समासात साल. त्या गृहस्थांनी डब्लिनला जाऊन ती वही उघडली आणि पानाचा फोटो मला पाठवला. तिच्या नावावर रेघ आहे, आणि वर दुसरं कुणाचंही नाव लिहिलेलं नाही. त्या जागी अधिकाऱ्याने एवढंच नोंदलं आहे: घर पडलं.