ग्लुकोज आधी का? एका जुन्या आलेखाची गोष्ट

बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांना लॅक ऑपेरॉन आठवत असेल. एक स्विच, त्याला अडवून बसलेलं रिप्रेसर नावाचं प्रथिन. लॅक्टोज आलं की ते प्रथिन बाजूला होतं आणि लॅक्टोज पचवणारी जनुकं चालू होतात. पाच मार्कांची आकृती. आज आपण बघणार आहोत ती या आकृतीमागची गोष्ट. आणि खरं सांगायचं तर ज्या प्रश्नातून ही गोष्ट सुरू झाली, त्याचं पूर्ण उत्तर त्या आकृतीत नाहीच.

साल 1940. पॅरिसवर जर्मनांचा कब्जा आहे. सोरबोनमध्ये झाक मोनो हा तिशीतला संशोधक जिवाणू वाढवतोय आणि ते किती वेगानं वाढतात ते मोजतोय. बस्स, एवढंच काम. मग तो एकाच द्रावणात दोन साखरा घालून बघतो. काही जोड्यांमध्ये वाढीची रेघ सरळ वर जाते. पण ग्लुकोजबरोबर लॅक्टोजसारखी साखर घातली की रेघ चढते, मधेच थांबते, आणि थोड्या वेळानं पुन्हा चढायला लागते. ग्लुकोज संपेपर्यंत जिवाणू दुसऱ्या साखरेला हात लावत नाहीत. जणू पंगतीत आधी श्रीखंड संपवायचं, मगच भाजीकडे बघायचं! या दुहेरी वाढीला त्यानं ‘डायऑक्सी’ असं ग्रीक नाव दिलं.

त्या डिसेंबरात त्यानं हा आलेख पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या आंद्रे ल्वॉफना दाखवला. ल्वॉफ म्हणाले की याचा संबंध एन्झाइमच्या अनुकूलनाशी असावा. मोनोनं तो शब्दसुद्धा ऐकला नव्हता. खरं तर कल्पना जुनीच होती. गॅलॅक्टोजवर वाढवलेलं यीस्ट ती साखर आंबवायला ‘शिकतं’, हे फ्रान्समध्येच दिनेर यांनी 1900 च्या सुमाराला दाखवलं होतं. एन्झाइम लागेल तेव्हाच तयार होतं, इतपत माहीत होतं. कसं होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

मग युद्ध. मोनो भूमिगत प्रतिकार चळवळीत शिरला आणि तिथं मोठ्या जबाबदारीपर्यंत पोचला. सोरबोनमध्ये राहणं धोक्याचं झालं, तेव्हा तो ल्वॉफ यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागला. फ्रांस्वा झाकोब मात्र तेव्हा पॅरिसमध्ये नव्हताच. वैद्यकीचं शिक्षण अर्धवट टाकून तो द गॉल यांच्या सैन्यात गेला होता. 1944 मध्ये नॉर्मंडीत असा जखमी झाला की सर्जन होण्याचं स्वप्न संपलं. म्हणून तो संशोधनात आला, आणि पुढे ल्वॉफ यांच्याच माळ्यावर, मोनोच्या बोळाच्या दुसऱ्या टोकाला.

आता मुख्य प्रयोग. मोनोची समजूत होती की लॅक्टोजसारखा पदार्थ जनुकाला ‘चालू हो’ असं सांगतो. 1957-58 मध्ये आर्थर पार्डी अमेरिकेहून आले आणि तिघांनी मिळून जिवाणूंचं मीलन घडवलं. मादी पेशीत दोन जनुकं बिघडलेली: एन्झाइमचं आणि नियंत्रणाचं. नर पेशीनं दोन्ही चांगली जनुकं आत सोडली. लॅक्टोज नाही, काही नाही. तरी काही मिनिटांत एन्झाइम बनायला लागलं! आणि तासाभरात बंद पडलं. याचा अर्थ काय? नियंत्रणाचं जनुक ‘चालू हो’ म्हणत नव्हतं. ते हळूहळू असं काहीतरी तयार करत होतं, जे ‘थांब’ म्हणतं. लॅक्टोज फक्त त्या पहारेकऱ्याला बाजूला करतं. नकाराचा नकार. ही दिशा भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी सुचवली होती, हे मोनोनं नोबेल व्याख्यानात मान्य केलंय. तिघांच्या आडनावांवरून प्रयोगाचं नाव पडलं ‘पाजामो’. आपल्याला पायजमा आठवतो, फ्रेंचांनाही तोच आठवायचा.

1961 चा झाकोब-मोनो निबंध, 1965 चं नोबेल (ल्वॉफ धरून तिघांना), 1966 मध्ये गिल्बर्ट आणि म्यूलर-हिल यांनी रिप्रेसर प्रत्यक्ष हाती लावणं, हे सगळं पुस्तकात आहे. पुस्तकात सहसा नसतं ते हे, की ‘थांब’ची कल्पना इतकी देखणी होती की दुसरं कुणाला ऐकूच येईना. एलिस एंगल्सबर्ग अरॅबिनोज या साखरेवर काम करत होते. तिथं नियंत्रक प्रथिन खरोखरच ‘चालू हो’ म्हणतं, हे त्यांनी साठच्या दशकात दाखवलं. बरीच वर्षं त्यांच्याकडे संशयानंच पाहिलं गेलं. आमच्या मते या कहाणीतला हा सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग आहे.

आणि मूळ प्रश्न? ग्लुकोज आधी का? ग्लुकोज असताना पेशीत सायक्लिक एएमपी कमी असतं, आणि त्याच्याशिवाय लॅक जनुकं नीट चालत नाहीत. हे उत्तर साठ-सत्तरच्या दशकांत आलं आणि पुस्तकांत पक्कं बसलं. पण 1996 मध्ये जपानमध्ये हिरोजी आयबा आणि सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं. ग्लुकोजवर वाढताना आणि नंतर लॅक्टोजवर वाढताना सायक्लिक एएमपी जवळपास सारखंच निघालं. बाहेरून ते जास्तीचं घातलं, तरी रेघेतला थांबा गेला नाही. मुख्य कारण दारातच होतं. ग्लुकोज आत येत असताना, ते आत आणणाऱ्या यंत्रणेतलंच एक प्रथिन लॅक्टोजच्या दाराला, म्हणजे परमिएझला, अडवून धरतं. लॅक्टोज आतच येत नाही, मग पहारेकऱ्याला हलवणार कोण?

रिप्रेसर काढून टाकलं, की थांबा नाहीसा होतो. आयपीटीजी घातलं तरी होतो, कारण ते त्या दारावाचूनही आत शिरतं. हे आयपीटीजी पन्नासच्या दशकात मोनोच्याच प्रयोगशाळेत वापरात होतं.