बधिर ओठ, जागी दाढ

१/ दाढेच्या ठणक्याने रात्र जागून काढलेला माणूस सकाळी दंतवैद्याच्या खुर्चीत बसतो. इंजेक्शन दिले जाते, ओठ जड होतो, अर्धी जीभ सुन्न पडते. तरीही ड्रिल दाढेत उतरताच तो कळवळतो. वैद्याचा हात चुकलेला नाही, औषधही निकृष्ट नाही. मग असे का घडते? या प्रश्नामागे सुमारे १४० वर्षांचा इतिहास आहे.

२/ वर्ष १८८४. व्हिएन्नातील तरुण नेत्रवैद्य कार्ल कोलर याला आढळले की कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो. सप्टेंबरमध्ये हायडेलबर्गच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला. प्रवासखर्च परवडत नसल्याने कोलर तेथे जाऊ शकला नाही. त्याचा निबंध दुसऱ्याने वाचला.

३/ त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड आणि रिचर्ड हॉल यांनी पुढचे पाऊल टाकले. दुखऱ्या जागी औषध घालण्याऐवजी तेथून मेंदूकडे जाणारी मज्जातंतूची वाटच अडवायची! खालच्या जबड्याच्या मज्जातंतूजवळ कोकेन टोचून त्यांनी दात बधिर केले. खालची दाढ बधिर करताना आजही मुख्यतः हीच वाट धरली जाते. मात्र स्वतःवर केलेल्या प्रयोगांची जबर किंमत दोघांना मोजावी लागली: दोघेही कोकेनच्या आहारी गेले.

४/ १९०५ मध्ये आल्फ्रेड आइनहॉर्नचे नोव्होकेन बाजारात आले. हाइनरिश ब्राउनने त्याला अ‍ॅड्रेनलिनची जोड दिली; रक्तवाहिन्या आकुंचन पावून औषध जागेवर अधिक काळ टिकू लागले. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेनने आपण ज्याला लिग्नोकेन म्हणतो ते औषध सिद्ध केले. त्याचा सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट याने ते स्वतःला टोचून पारखले.

५/ विजयाची कथा बहुधा येथेच संपवली जाते. पण दाह झालेली दाढ या विजयाला जुमानत नाही. त्याचे एक कारण रसायनशास्त्रात आहे. या औषधाचे रेणू भारित व अभारित अशा दोन रूपांत असतात आणि मज्जातंतूचे आवरण प्रामुख्याने अभारित रूपच ओलांडते. निरोगी ऊतीत, म्हणजे सामू ७.४ असताना, लिग्नोकेनचा साधारण चौथा हिस्सा अभारित असतो. दाहामुळे आम्लता वाढून सामू ६.४ वर आला, तर तो जेमतेम ३ टक्के उरतो.

६/ परंतु एवढ्याने कोडे सुटत नाही. खालच्या दाढेसाठी सुई टोचली जाते ती जबड्याच्या मागच्या भागात, दाहापासून दूर. तेथे आम्लता वाढलेली नसते. म्हणून संशोधकांची नजर मज्जातंतूकडे वळली. दाहामुळे तो अतिसंवेदनशील होतो, आणि वेदना वाहून नेणाऱ्या तंतूंतील काही सोडियम वाहिन्या लिग्नोकेनला सहजासहजी दाद देत नाहीत.

७/ आणखी एक भ्रम विजेच्या सौम्य चाचणीने दूर केला. ओठ पूर्ण बधिर असतानाही दाताचा गाभा जागा असू शकतो. कधीकधी निरोगी दातातही! सुन्न ओठ एवढेच सांगतो की ओठाकडे जाणारे तंतू झोपले आहेत.

८/ उपाय निघाले तेही नव्या वाटांचे. १९७६ मध्ये जर्मनीत वापरात आलेले आर्टिकेन आता दाढेशेजारी गालाच्या बाजूनेही जोड म्हणून टोचतात. दात व हाड यांमधील अस्थिबंधात किंवा थेट हाडात औषध देता येते. अखेरचा उपाय म्हणजे दाताच्या गाभ्यातच सुई. ती क्षणभर झोंबते, पण बहुधा लगेच गुण देते.

९/ हा इतिहास जाणून घ्यावा तो एका अन्यायासाठी. “ओठ बधिर झाला ना, मग दुखेल कसे?” असे म्हणून कळवळणाऱ्या रुग्णाला भित्रा ठरवणे सोपे असते. पण त्याची वेदना खरी असते आणि तिला शास्त्रीय कारणे आहेत. खुर्चीत बसल्यावर दुखले, तर संकोच न करता हात वर करावा. वैद्याजवळ दुसरी वाट असते. ती धरण्यासाठी पहिली अपुरी पडली हे त्याला कळायला हवे.