पंचांग नसलेले नगर : चंदीगडच्या सांस्कृतिक वर्षाविषयी

१९५३ साली पुण्यात सवाई गंधर्वांच्या स्मृत्यर्थ संगीत महोत्सवास प्रारंभ झाला. त्याच वर्षी, ७ ऑक्टोबर रोजी, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते चंदीगड या नव्या राजधानीचे उद्घाटन झाले. वरकरणी या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरी त्या शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. पुण्यातील महोत्सवामागे किराणा घराण्याची गायकी होती, नाट्यसंगीतावर पोसलेला श्रोतृवर्ग होता, गणेशोत्सवातील मेळ्यांची आणि मैफलींची सवय होती. चंदीगडजवळ मात्र आराखडा होता. क्रमांक दिलेली सेक्टरे होती, रुंद रस्ते होते, काही वर्षांत उभे राहणारे न्यायालय, सचिवालय आणि विधानभवन होते. या नगराचे वर्ष कोणत्या सणाने सुरू व्हावे आणि कोणत्या मेळ्याने संपावे, हे आराखड्यात कोठेही लिहिलेले नव्हते.

युरोपात १९८५पासून एखाद्या शहराला एका वर्षापुरती सांस्कृतिक राजधानी ठरविण्याची प्रथा आहे. आरंभ अथेन्सपासून झाला. २०१० साली हा मान ज्या शहरांना मिळाला त्यांत हंगेरीतील पेच हे एक होते. रोमनकालीन ख्रिस्ती दफनभूमी, तुर्की अमलातील मशीद, झोल्नाय घराण्याचा चिनी मातीच्या कलाकामाचा कारखाना, असे थर तेथे एकावर एक साचलेले आहेत. अशा शहराने उत्सवाचे वर्ष साजरे करायचे म्हणजे भरलेल्या कोठारातून निवड करायची. चंदीगडचे कोठारच नवे बांधायचे होते. ते कसे भरले, हा येथील प्रश्न आहे.

जमीन मोकळी होती, ही समजूत प्रथम बाजूला ठेवली पाहिजे. ल कॉर्ब्युझिए आणि त्यांचे सहकारी नकाशे आखत होते तेव्हा त्या जागी गावे होती. त्यांतील काही उठली. बुरैल, अटावा यांसारखी काही सेक्टरांच्या पोटात अजूनही वाकड्या गल्ल्यांनिशी टिकून आहेत. नगराचे नावच मुळी जवळच्या चंडीदेवीच्या मंदिरावरून आले. मणिमाजऱ्याचे राजे गोपालसिंह यांनी १८११ ते १८१५ या काळात बांधलेले मनसादेवीचे मंदिर आज हरियाणातील पंचकुलाच्या हद्दीत आहे. तेथे चैत्र आणि आश्विन या दोन्ही नवरात्रांत जत्रा भरते. नगररचनेवरील विपुल लेखनात या जत्रेला फारशी जागा मिळालेली नाही. तथापि या प्रदेशाच्या वर्षाला पडलेली सर्वांत जुनी घडी तीच आहे.

दुसरी घडी लाहोरची. चंदीगड उभारले गेले ते फाळणीत लाहोर गमावल्यामुळे, हे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातही असते. परंतु नव्या राजधानीला लाहोरच्या बदल्यात लाहोरचेच तुकडे मिळाले, याकडे पुरेसे लक्ष जात नाही. १८८२ साली लाहोरात स्थापन झालेले विद्यापीठ सोलन, होशियारपूर अशा ठिकाणी विखरून राहिले आणि १९५६च्या सुमारास चंदीगडला स्थिरावले. एप्रिल १९४८मध्ये लाहोरच्या संग्रहालयातील वस्तूंची वाटणी झाली : साठ टक्के पाकिस्तानला, चाळीस टक्के भारताला. भारताच्या वाट्याला आलेली गांधारशिल्पे आणि पहाडी लघुचित्रे अनेक गावे हिंडून अखेर सेक्टर १०मधील संग्रहालयात पोहोचली. कॉर्ब्युझिए यांनी आराखडा केलेल्या या वास्तूचे उद्घाटन १९६८ साली झाले. वाटणी केलेले बुद्ध आणि बोधिसत्त्व ज्या नगरात पाहावयास मिळतात, त्याला इतिहास नाही असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

सणांचेही असेच आहे. जानेवारीत लोहडीच्या शेकोटीभोवती ज्या दुल्ला भट्टीचे नाव घेतले जाते, तो अकबराच्या राजवटीत लाहोरात देहदंड झालेला बंडखोर होता. त्यामागून येणाऱ्या वसंतपंचमीच्या पतंगांसाठी तर लाहोरच प्रसिद्ध होते. निर्वासित कुटुंबांनी भांडीकुंडी मागे टाकली. गाणी मागे टाकता येत नाहीत. सरकारी वसाहतींमधील एकसारख्या घरांसमोर ही शेकोटी पेटू लागली, तेव्हा तिची परवानगी कोणत्याही वास्तुशास्त्रज्ञाने दिलेली नव्हती.

आता पुण्याचा धागा पुन्हा हाती घेता येईल. पंजाबात शास्त्रीय संगीताचा वार्षिक मेळा चंदीगडच्या पुष्कळ आधीपासून भरत होता : जालंधरच्या देवी तलावाकाठी, १८७५पासून, हरिवल्लभ संगीत संमेलन. विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढले तेही लाहोरातच. गुरूच्या शोधात घर सोडलेला भीमसेन जोशी नावाचा मुलगा याच जालंधरात अंध धृपदगायक मंगतराम यांच्याजवळ राहिला. हरिवल्लभच्या मेळ्यात त्याची गाठ विनायकराव पटवर्धनांशी पडली. घराजवळच सवाई गंधर्व असताना इतक्या दूर का आलास, असे त्यांनी विचारले आणि मुलगा परतला. १९५३चा पुण्याचा महोत्सव ज्यांनी सुरू केला ते हेच भीमसेन. चंदीगडमध्ये १९५६ साली स्थापन झालेले प्राचीन कला केंद्र दरवर्षी नृत्य-संगीताचे संमेलन भरविते आणि देशभर संगीताच्या परीक्षा घेते. या दोन्ही गोष्टींची पूर्वपीठिका जालंधर-लाहोरच्या त्या जुन्या वाटेवर शोधावी लागते.

नगराने स्वतः निर्माण केलेला सण एकच म्हणता येईल, तो गुलाबांचा. त्याचे श्रेय मोहिंदरसिंग रंधावा यांचे. वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक, सनदी अधिकारी, कांगडा चित्रशैलीचे भाष्यकार असलेले रंधावा फाळणीनंतर निर्वासित शेतकऱ्यांच्या पुनर्वसनाचे काम पाहत होते. चंदीगडच्या रस्त्यांवर कोणते झाड कोठे लावावे, हे ठरविण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना झाली, चंदीगड केंद्रशासित झाले आणि रंधावा त्याचे मुख्य आयुक्त झाले. पुढल्याच वर्षी सेक्टर १६मध्ये सुमारे तीस एकरांची गुलाबबाग उभी राहिली. तिला नाव दिले गेले गुलाबांचे शौकीन राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे. दर फेब्रुवारीत तेथे तीन दिवसांचा महोत्सव भरतो. २०२४ साली त्याचा ५२वा खेप झाला.

फुलांच्या प्रदर्शनाला संस्कृती म्हणावे काय, अशी शंका समीक्षकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. स्पर्धा, बँडवादन, बक्षीससमारंभ हे सारे सरकारी वळणाचेच. परंतु राज्यांच्या आणि भाषांच्या वादात नगर नुकतेच अडकलेले असताना हा महोत्सव रुजला, हे विसरता येत नाही. पंजाबी आणि हिंदी, पंजाब आणि हरियाणा यांच्या ओढाताणीत ज्याला कोणतीच भाषा नाही असे फूल निवडण्यात रंधावांची चतुराई होती, कदाचित हतबलताही. १ नोव्हेंबर हा दिवस तर आजही चमत्कारिक आहे. हरियाणाचा तो स्थापनादिन, पंजाबलाही तो पुनर्रचनेची आठवण देणारा. या दोन्ही राज्यांची राजधानी असलेले नगर मात्र दोहोंपैकी कोणाचेच नाही.

नाटकाचे क्षेत्र अधिक जिवंत राहिले. टागोर जन्मशताब्दीच्या निमित्ताने १९६१ साली सेक्टर १८मध्ये टागोर थिएटर बांधले गेले. त्याचे वास्तुकार आदित्य प्रकाश स्वतः चित्रकार आणि रंगकर्मीही होते. १९७२ साली बलवंत गार्गी यांनी पंजाब विद्यापीठात नाट्यविभाग सुरू केला. गार्गींचे नाट्यसंस्कार लाहोरात रंगकार्य केलेल्या आयरिश बाई नोरा रिचर्ड्स यांच्यापर्यंत मागे जातात, म्हणजे येथेही लाहोर आहेच. पुढे १९८४मध्ये, पंजाबच्या अत्यंत रक्तलांछित वर्षात, नीलम मानसिंग चौधरी यांनी ‘द कंपनी’ ही संस्था काढली. स्त्रीवेष घेऊन गाणारे-नाचणारे पारंपरिक नक्काल त्यांनी शहरी, शिक्षित नटांच्या बरोबरीने रंगमंचावर आणले. तमाशातला नाच्या आणि संगीत नाटकातील स्त्रीपार्टी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला नक्काल परका वाटणार नाही. लोर्काचे ‘येर्मा’ त्यांनी पंजाबीत केले, तेव्हा स्पेनमधील वांझपणाची व्यथा या कलावंतांच्या गळ्यातून आली. संचारबंदीची सवय झालेल्या प्रदेशात संध्याकाळी नाटकाला जमणे हे त्या दशकात साधे काम नव्हते. चंदीगडच्या सांस्कृतिक वर्षातील सर्वांत मोलाचे प्रकरण कोणते, असे विचारल्यास निर्देश या नाट्यकार्याकडेच करावा लागेल.

उन्हाळ्यात नगर थकते आणि त्याविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. श्रावणात तीजेचे झोके बांधले जातात. भाद्रपदात नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबे गणपती बसवितात, आश्विनात बंगाली मंडळी दुर्गापूजा करतात. मणिमाजऱ्याच्या कलाग्राममध्ये हस्तकलांचा मेळा भरतो, डिसेंबरात शेवंतीचे प्रदर्शन असते. २०१७पासून सुखना तलावाकाठी युद्धसाहित्याचा एक महोत्सवही भरू लागला. सीमेवरच्या प्रदेशाला तो शोभतो, पण युद्धात मागे राहिलेल्यांचे साहित्य त्यात किती येते, हे विद्यार्थ्यांनी पाहावे.

कॉर्ब्युझिए यांना या साऱ्याहून निराळाच उत्सव अभिप्रेत होता. ‘उघडा हात’ या शिल्पाखाली त्यांनी जमिनीत खोल, मोकळे सभास्थान कल्पिले; नागरिकांनी तेथे उतरावे आणि सार्वजनिक प्रश्नांची चर्चा करावी, हा हेतू. ते १९६५ साली वारले. २६ मीटर उंचीचा हात १९८५मध्ये उभा राहिला, तो पंजाब पेटलेला असताना. सुरक्षेच्या कारणास्तव तो परिसर सामान्य माणसाला दीर्घकाळ दुर्गम राहिला. २०१६ साली कॅपिटॉल संकुलाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि पर्यटक येऊ लागले, तरी ज्या वादासाठी ते सभास्थान खणले तो तेथे रुजला नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी मात्र सेक्टर १७च्या परेड मैदानावर रावण पाहण्यासाठी गर्दी लोटते, आणि ती पांगल्यावर बराच वेळ फटाक्यांचा धूर त्या रुंद रस्त्यांवर रेंगाळत असतो.