पाळीची लाज आणि पाळीचा खर्च : आपल्या लेकींसाठी एवढे माहीत हवे

पूर्णा तालुक्यातील ताडकळससारख्या गावात मेडिकलवर जाऊन पॅड मागणे मुलीला सोपे नसते. दुकानदार ओळखीचा, शेजारी उभे असलेले चाचाही ओळखीचे. पुडा मिळतो तोही वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत, जणू काही गुन्हाच केला! मग मुलगी अम्मीला सांगते, अम्मी अब्बांकडे पैसे मागायला लाजते आणि शेवटी जुन्या साडीचा तुकडा कामी येतो. पैसे नाहीत, शाळेत पाणी-संडास धड नाही किंवा कोणी कधी नीट सांगितलेच नाही, म्हणून मुलीला पाळी सांभाळता येत नाही. यालाच ‘पाळीची गरिबी’ म्हणतात. आमच्या मते यात पैशापेक्षा लाजेचा वाटा मोठा आहे.

आधी पैशाचे बघू. महिन्याला साधारण १२ ते १५ पॅड लागतात. घरात आई आणि दोन मुली असतील तर बाजारभावाने हा खर्च मजुरी करणाऱ्या घराला जड जातो. सॅनिटरी पॅडवरचा १२ टक्के जीएसटी जुलै २०१८ मध्ये रद्द झाला. जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ नावाचे पॅड ऑगस्ट २०१९ पासून १ रुपयाला एक मिळते. म्हणजे एका मुलीचा महिना १५ रुपयांत निघतो. महाराष्ट्र सरकारने ८ मार्च २०१८ रोजी ‘अस्मिता’ योजना सुरू केली, तीत जिल्हा परिषद शाळेतील मुलींना ८ पॅडचा पुडा ५ रुपयांत द्यायचे ठरले आणि विक्री बचत गटांकडे दिली. त्याआधी, २०११ पासून, आशाताईंमार्फत ६ रुपयांत ६ पॅड देण्याची केंद्राची योजना होती. आता योजना जाहीर होणे आणि पुडा मुलीच्या हातात पडणे यात किती अंतर असते, ते खेड्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. म्हणून सध्या काय मिळते ते आशाताईंना आणि आरोग्य केंद्रात थेट विचारावे. विचारण्यात लाज कसली?

पॅड नसेल तर कापड वाईट असे मुळीच नाही. सुती, स्वच्छ कापड चालते. पण ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळले पाहिजे. खरी अडचण इथेच आहे. कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून आपल्याकडे ते ओढणीखाली, कपाटामागे, न्हाणीच्या कोपऱ्यात वाळत घालतात. दमट कापडातून जंतुसंसर्ग होतो, खाज सुटते, अंगावरून जाते आणि तेही मुलगी सांगत नाही. कापड असो की पॅड, चार ते सहा तासांनी बदलावे. वापरलेले पॅड संडासात टाकू नये, कागदात गुंडाळून कचऱ्यात द्यावे.

आता घरातले बोलू. हैजच्या दिवसांत नमाज माफ आहे, तिची कजाही नाही. रोजे सुटतात, ते नंतर पूर्ण करायचे असतात. ही शिक्षा नाही, सवलत आहे. त्या काळी मदीनेत पाळीतल्या बाईला जेवायलाही वेगळे बसवण्याची रीत काही लोकांत होती. पैगंबर साहेबांनी ती मोडली, हे हदीसमध्ये आले आहे. हजरत आयेशांच्या मांडीवर डोके ठेवून ते कुरआन पठण करत, तेव्हा त्यांना पाळी असे, असेही हदीस सांगते. तरी आपल्या कितीतरी घरांत रमजानमध्ये मुली रोजा असल्याचे सोंग करतात, भावांना कळू नये म्हणून सहेरीला उठतात आणि दिवसभर घोटभर पाणीही चोरून पितात. हे दीनने सांगितलेले नाही, आपणच लादले आहे.

ही लाज किती महाग पडते? मे २०२३ मध्ये उल्हासनगरला १२ वर्षांच्या मुलीच्या कपड्यांवर पहिल्या पाळीचा डाग दिसला. सख्ख्या भावाने भलताच संशय घेऊन तिला मारहाण केली, त्यात तिचा जीव गेला. जुलै २०२५ मध्ये शहापूर तालुक्यातील एका शाळेत संडासात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली. मुख्याध्यापिकेला अटक झाली खरी, पण त्या मुलींच्या मनाचे काय?

आणि आपल्या मराठवाड्यातच, बीड जिल्ह्यात, ऊसतोड बायांनी पाळीत खाडा पडतो, खाड्याचा दंड बसतो म्हणून गर्भाशयच काढून टाकल्याचे २०१९ मध्ये उजेडात आले. सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. परभणीतूनही कोयते निघतात, तेव्हा हे शेजारच्या जिल्ह्याचे म्हणून सोडून देता येणार नाही.

पहिली पाळी साधारण १० ते १५ वर्षांच्या दरम्यान येते. त्याआधीच अम्मी, खाला किंवा मोठ्या बहिणीने सांगून ठेवावे, म्हणजे रक्त बघून पोर घाबरत नाही. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती टाकून देऊ नये; आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आहे. १५ वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नाही, सात दिवसांपेक्षा जास्त चालली, तासा-दोन तासांनी पॅड भिजू लागले किंवा दुखण्याने मुलगी उठूच शकत नसेल, तर घरगुती काढ्यावर न राहता तिला डॉक्टरकडे न्यावे. अम्मीला वेळ नसेल तर अब्बांनी न्यावे.