हॉटेलात कुत्र्याला प्रवेश द्यावा का? नियम, आरोग्य आणि इतरांची सोय

मुंबई, पुणे आणि गोव्यात ‘पेट फ्रेंडली’ अशी पाटी लावलेली कॅफे आता नवलाईची राहिलेली नाहीत. कुत्रा पाळणाऱ्यांना त्याला घरी एकटे सोडून जेवायला जाणे नको वाटते. त्याच वेळी शेजारच्या टेबलाखाली कुत्रा दिसला की जेवण अर्धवट टाकून उठणारेही बरेच आहेत. या वादात कायदा नेमके काय सांगतो आणि खरा धोका कुठे आहे, ते पाहू.

भारतातला नियम काय?

हॉटेलांना अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो. त्याखालील परवाना व नोंदणीविषयक २०११ च्या नियमावलीत अनुसूची ४ आहे. अन्न व्यवसायाने स्वच्छता कशी ठेवावी हे तिच्यात दिले आहे. उंदीर-झुरळांच्या बंदोबस्ताबरोबरच तिथे असेही म्हटले आहे की प्राणी, पक्षी व पाळीव प्राण्यांना अन्न व्यवसायाच्या जागेत येऊ देऊ नये.

या ‘जागे’त फक्त स्वयंपाकघर आणि कोठार धरायचे की ग्राहकांची बसण्याची जागाही, यावर खरा वाद होतो. शब्दशः वाचले तर सगळीच जागा त्यात येते. प्रत्यक्षात अनेक कॅफे अंगणात किंवा गच्चीवर कुत्र्यांना बसू देतात. त्यामुळे ‘पेट फ्रेंडली’ पाटी ही मालकाने दिलेली सवलत आहे, ग्राहकाचा हक्क नव्हे. गृहनिर्माण सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचे म्हणणे अनेकांना ठाऊक असते. पण ते राहत्या घराबद्दल आहे. त्याच्या आधारे हॉटेलात प्रवेश मागता येत नाही.

इतर देशांत काय चालते?

ब्रिटनमध्ये जेवणाच्या दालनात कुत्रा आणण्यास कायद्याने बंदी नाही. निर्णय मालकाचा असतो. युरोपीय संघाच्या २००४ च्या स्वच्छता नियमांचा भर अन्न तयार होते, हाताळले जाते किंवा साठवले जाते तिथे पाळीव प्राणी पोहोचू न देण्यावर आहे. अमेरिकेत पूर्वापार बंदी होती, ती हळूहळू सैल झाली. कॅलिफोर्नियाने २०१५ पासून उघड्यावरच्या बैठकीत कुत्र्यांना मुभा दिली, पण अटींसह: कुत्र्याला आतल्या दालनातून न नेता बाहेरच्या वाटेने आणायचे, पट्टा बांधलेला हवा, त्याला खुर्चीवर बसवायचे नाही आणि अन्न वाढणाऱ्या कर्मचाऱ्यांनी त्याला हात लावायचा नाही.

कुत्र्यामुळे अन्न दूषित होते का?

टेबलाखाली शांत बसलेल्या कुत्र्यामुळे ताटातले अन्न आपोआप बिघडत नाही. जंतू बहुधा हातांमार्फत पोहोचतात. कुत्र्याच्या विष्ठेत साल्मोनेलासारखे जंतू आणि जंतांची अंडी असू शकतात, ती त्याच्या अंगावर आणि पायांना लागतात. वेटरने त्याला कुरवाळले आणि हात न धुता पोळ्या वाढल्या, तर धोका तयार होतो. म्हणूनच कॅलिफोर्नियाची शेवटची अट महत्त्वाची आहे.

रेबीज अन्नातून पसरत नाही. तो चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागल्याने होतो. मात्र लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो. त्यामुळे दरवर्षीची लस ही किमान अट हवी. कुत्रा चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच डॉक्टरकडे जावे. पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही.

मार्गदर्शक श्वानांचे काय?

दृष्टिहीन व्यक्तीला वाट दाखवणारा प्रशिक्षित कुत्रा हा हौसेचा प्राणी नसतो. तिच्यासाठी तो पांढऱ्या काठीसारखाच आधार आहे. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यामुळे अशा कुत्र्याला हॉटेलात प्रवेश द्यावाच लागतो. तो अपंगत्वामुळे लागतो का आणि कोणते काम शिकला आहे, एवढेच विचारता येते. कागदपत्रे मागता येत नाहीत. भारतात असे कुत्रे फार कमी आहेत आणि अनुसूची ४ मधल्या त्या वाक्यात त्यांच्यासाठी अपवाद नाही. पण २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा भेदभावाला मनाई करतो आणि वाजवी सोय करून देण्यास सांगतो. हे दोन्ही जुळवायचे, तर नियमात स्पष्ट अपवाद लिहिणे गरजेचे आहे.

मग प्रवेश द्यावा का?

सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून भागत नाही. स्वयंपाकघर आणि कोठारात कुत्रा नकोच. बंदिस्त, दाटीच्या दालनात ॲलर्जी असलेल्यांना, घाबरणाऱ्या मुलांना किंवा धार्मिक कारणाने कुत्र्याचा स्पर्श टाळणाऱ्यांना लांब बसण्याची सोय नसते. मोकळ्या जागेत ती करता येते. म्हणून वेगळी उघडी बैठक, दारातच स्पष्ट पाटी आणि लसीकरणाची अट, हा मार्ग व्यवहार्य आहे. पण आजच्या नियमाची भाषा स्पष्ट झाली, तरच मालकांना तो निर्धास्तपणे अवलंबता येईल.

कुत्र्याला नेणार असाल तर

• आधी फोन करून परवानगी विचारा.
• आखूड पट्टा बांधा आणि वाटेत बसू देऊ नका.
• त्याचे पाणी व भांडे घरून न्या. हॉटेलच्या ताटात खाऊ घालू नका.
• कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे त्याला अपायकारक आहेत.
• गर्दीत तो बुजत असेल, तर त्याच्यासाठीही घरच बरे.